एक बेट, दोन राष्ट्रे : शेजारी देशांच्या तुलनेची चिकित्सा

१

दोन शेजारी देश घ्यावयाचे, त्यांचे दरडोई उत्पन्न, त्यांची राज्यपद्धती आणि तेथील लोकांचे राहणीमान एकमेकांसमोर मांडावयाचे, आणि एक देश पुढे का गेला व दुसरा मागे का राहिला, याची उपपत्ती द्यावयाची, ही सामाजिक शास्त्रांतील एक रूढ लेखनपद्धती आहे. तिचे आकर्षण उघड आहे. समाजावर प्रयोगशाळेतल्यासारखे प्रयोग करता येत नाहीत. परंतु शेजारी देशांची भूमी, हवामान आणि सागरी मार्ग बऱ्याच अंशी सारखे असतात; तेव्हा जे सारखे ते वगळून जे भिन्न उरते, तेच उत्कर्षाचे वा अपकर्षाचे कारण मानता येईल, असे या पद्धतीचे गृहीतकृत्य आहे.

कॅरिबियन समुद्रातील हिस्पान्योला हे बेट या पद्धतीचे आवडते उदाहरण होऊन बसले आहे. बेटाचा पश्चिमेकडील एकतृतीयांशाहून थोडा अधिक भाग म्हणजे हैती. उरलेला पूर्वेकडील भाग म्हणजे डॉमिनिकन प्रजासत्ताक. लोकसंख्या दोहोंची जवळजवळ सारखी, प्रत्येकी एक कोटीहून अधिक. मात्र २०२३ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे दरडोई उत्पादन हैतीच्या पाचपटींहून अधिक होते. सरासरी आयुर्मानात सुमारे नऊ-दहा वर्षांचे अंतर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात पहिल्या देशाची गणना 'उच्च' गटात होते, आणि दुसरा त्याच्या बराच खाली आहे. पूर्वेकडे १९९६ पासून सत्तांतरे निवडणुकीच्या मार्गाने होत आली. पश्चिमेकडे ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोवेनेल मोईज यांची हत्या झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये अखेरच्या सेनेट-सदस्यांची मुदत संपल्यावर राष्ट्रीय पातळीवर लोकनियुक्त असा एकही अधिकारी देशात उरला नाही.

या अंतराची मीमांसा अनेकांनी केली आहे. जॅरेड डायमंड यांच्या 'कोलॅप्स' (२००५) या ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण या दोन देशांना वाहिलेले आहे; विमानातून पाहता एका बाजूला हिरवी आणि दुसऱ्या बाजूला उघडी पडलेली भूमी विभागणारी सीमारेषा, हे त्याचे आरंभीचे चित्र आहे. लॉरेन्स हॅरिसन यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात अविकसितपणा ही मूलतः मनाची अवस्था आहे, असा सिद्धान्त मांडला आणि पुढे हैतीच्या दुरवस्थेचे खापर तेथील वुडू धर्मश्रद्धेवर फोडले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या लॉरा हारामियो व जेमिले सांजाक यांनी २००७ च्या निबंधात आर्थिक धोरण आणि राजकीय स्थैर्य यांवर भर दिला. या उपपत्ती परस्परांहून भिन्न आहेत. काही काळजीपूर्वक मांडलेल्या आहेत, काही तशा नाहीत. परंतु दोन देश हे दोन स्वतंत्र नमुने आहेत आणि त्यांच्यामधील सीमा ही केवळ एक रेषा आहे, ही कल्पना तुलनेच्या या रीतीच्या मुळाशीच आहे. येथे चिकित्सा करावयाची आहे ती मुख्यतः या कल्पनेची.

२

तौलनिक भाषाशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. दोन भाषांत साम्य आढळले म्हणजे ते कोठून आले, हे विचारल्यावाचून त्या शास्त्रात पुढचे पाऊल टाकता येत नाही. साम्य समान वारशातून येते, संपर्कातून येते किंवा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे घडलेल्या विकासातून येते. मराठी आणि हिंदी यांतील पुष्कळसे साम्य वारशाचे आहे. परंतु श्रोत्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' हा मराठीतील भेद सामान्यतः द्राविडी भाषांच्या सान्निध्याशी जोडला जातो. जे साम्याला लागू, तेच भेदालाही लागू आहे. शेजारच्या समाजाहून आपण निराळे आहोत हे दाखविण्यासाठी बोली हेतुपुरस्सर निराळी केल्याची उदाहरणे भाषाशास्त्रात नमूद आहेत. अर्थात, भेद दिसला म्हणजे दोन्ही पक्ष एकमेकांपासून अलिप्त होते, असे सिद्ध होत नाही. उलट तो भेद संपर्काचेच फळ असू शकतो.

हा साधा नियम हिस्पान्योलाच्या तुलनेला लावून पाहिला, तर तिच्यातील तीनही स्तंभ — अर्थव्यवस्था, राज्यव्यवस्था आणि जीवनाची प्रत — निराळे दिसू लागतात.

३

प्रथम अर्थव्यवस्था. अठराव्या शतकाच्या अखेरीस या बेटावरील श्रीमंत भाग पश्चिमेचा होता. १६९७ च्या रिस्विकच्या तहानंतर फ्रान्सकडे राहिलेली सँ-दोमँग ही वसाहत ऊस आणि कॉफी यांच्या उत्पादनामुळे जगातील सर्वांत संपन्न वसाहतींपैकी एक गणली जाई. १७८९ च्या सुमारास तेथे पाच लाखांच्या आसपास गुलाम राबत होते. पूर्वेकडील स्पॅनिश भाग विरळ वस्तीचा, मुख्यतः गुरे पाळणारा आणि दुर्लक्षित होता. हवामान व भूमी तीच असता पुढे क्रम उलटला. तेव्हा पर्जन्यमान आणि डोंगररांगा यांना उपपत्तीत स्थान असले, तरी त्या एकट्यांनी हे कोडे सुटत नाही.

गुलामांच्या यशस्वी उठावातून १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स राजाने त्या स्वातंत्र्याला मान्यता दिली ती पंधरा कोटी फ्रँकांच्या भरपाईच्या अटीवर आणि किनाऱ्यावर युद्धनौका उभ्या करून. मालकांनी गमावलेल्या मालमत्तेची ही भरपाई होती. त्या 'मालमत्ते'त स्वतः हैतीची माणसेही होती. १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली गेली. परंतु पहिला हप्ता फेडण्यासाठीच फ्रान्समध्ये कर्ज काढावे लागले होते, आणि कर्जावर कर्ज असा हा क्रम विसाव्या शतकापर्यंत चालला.

शेजाऱ्यांच्या तुलनेला येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १८२२ पासून १८४४ पर्यंत संपूर्ण बेट हैतीच्या अंमलाखाली होते. राष्ट्राध्यक्ष ज्याँ-प्येर ब्वाये यांच्या राजवटीत या भरपाईचा भार पूर्वेकडील प्रजेवरही पडला, आणि त्यातून उद्भवलेला असंतोष हे २७ फेब्रुवारी १८४४ च्या डॉमिनिकन स्वातंत्र्याचे एक कारण ठरले. म्हणजे ज्या ऋणाने हैतीला दुर्बल केले, त्याच ऋणाने शेजारचे राष्ट्र जन्माला घालण्यास हातभार लावला. असे असता एका राष्ट्राच्या खात्यावर ते ऋण मांडावे आणि दुसऱ्याच्या खात्यावर त्याची नोंदही नसावी, हे हिशेबाच्या दृष्टीनेही सदोष आहे.

विसाव्या शतकातही हे खाते स्वतंत्र झाले नाही. संयुक्त संस्थानांनी १९१५ ते १९३४ हैती आणि १९१६ ते १९२४ डॉमिनिकन प्रजासत्ताक आपल्या ताब्यात ठेवले. पूर्वेकडे अमेरिकन भांडवलावर साखरेचे मळे वाढले, आणि त्यांत ऊसतोडीसाठी मजूर आणले गेले ते प्रामुख्याने हैतीतून. १९५२ पासून १९८६ पर्यंत ही मजूरभरती दोन सरकारांमधील करारान्वये होत असे. मळ्यांवरील 'बातेय' नावाच्या वस्त्यांतून हे मजूर राहत. डॉमिनिकन साखर हे डॉमिनिकन राष्ट्रीय उत्पन्न. परंतु तिच्यातील श्रम, त्या श्रमाला वाढविणारे कुटुंब आणि मजुराचे म्हातारपण यांचा खर्च पुष्कळ अंशी सीमेपलीकडच्या खेड्याने सोसला.

४

दुसरा स्तंभ राज्यव्यवस्थेचा. येथे सीमेचाच इतिहास पाहणे अवश्य आहे. १९२९ चा तह आणि १९३६ चा पूरक करार यांनी ती सीमा अखेर निश्चित झाली. तोपर्यंत सीमाभागातील वस्ती संमिश्र होती. इतिहासकार रिचर्ड टुरिट्स यांनी २००२ साली दाखवून दिल्याप्रमाणे तेथील लोक स्पॅनिश आणि क्रिओल या दोन्ही भाषा बोलत, दोन्हीकडच्या बाजारांत वावरत आणि आपसांत सोयरिकी करीत. ऑक्टोबर १९३७ मध्ये हुकूमशहा राफाएल त्रुहियो याच्या आज्ञेने या भागातील हैतीवंशीयांची कत्तल झाली. मृतांचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. पुढील वर्षी हैतीच्या सरकारला साडेसात लाख डॉलरांची भरपाई देण्याचे ठरले. प्रत्यक्षात दिली गेली ती सव्वापाच लाख.

या कत्तलीशी एक भाषिक कसोटी कायमची जोडली गेली आहे. कोथिंबिरीच्या जातीतील एका पाल्याचे 'पेरेहिल' हे स्पॅनिश नाव उच्चारावयास लावून, ज्याला त्यातील 'र' आणि घशातील 'ह' साधत नाही तो परका, असे ठरविले जाई, ही ती कथा. परंतु टुरिट्स यांचे संशोधन या कथेला मर्यादा घालते. सीमेवर जन्मलेल्या द्विभाषिक माणसाला हा उच्चार अवघड नव्हता. तेव्हा कसोटी लावली गेली तेथेही ती पुष्कळदा भेद शोधण्यासाठी नव्हती, तर जो भेद तेथे नव्हता तो आहे असे ठरविण्यासाठी होती. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने या निष्कर्षाचे महत्त्व ओळखले पाहिजे. आज अभ्यासक ज्या दोन सुस्पष्ट संस्कृती सीमेच्या दोन बाजूंना मांडून त्यांची तुलना करतो, त्यांची ही सुस्पष्टता काही अंशी १९३७ च्या कृत्याने निर्माण केलेली आहे. विमानातून दिसणाऱ्या रेषेच्या वर्णनात हा इतिहास दिसत नाही.

५

संस्कृतीला कारण मानणाऱ्या उपपत्तीचे वैगुण्य याच ठिकाणी उघडे पडते. समाज दरिद्री आहे. त्याची श्रद्धा अमुक आहे. म्हणून श्रद्धा हे दारिद्र्याचे कारण, असा हॅरिसन यांच्या युक्तिवादाचा सांगाडा आहे. हीच श्रद्धा बाळगणाऱ्या गुलामांनी त्या काळातील एका बलाढ्य साम्राज्याचे सैन्य हरविले, या घटनेला मग कोणते कारण द्यावयाचे?

याच जातीचा दुसरा युक्तिवाद भाषेविषयी केला जातो. क्रिओल भाषा हैतीबाहेर फारशी कोणी बोलत नाही, म्हणून ती जनतेला जगापासून अलग पाडते, असे तुलनाकार वारंवार सांगतात. परंतु आइसलँडची भाषा बोलणारे चार लाखही नाहीत, आणि त्यामुळे तो देश दरिद्री झालेला नाही. प्रश्न भाषेच्या लहान-मोठेपणाचा नसून, राज्य आपल्या प्रजेच्या भाषेत व्यवहार करते की नाही, हा आहे. हैतीत फ्रेंचला राजभाषेचे स्थान प्रथम संविधानाने दिले ते १९१८ साली, म्हणजे अमेरिकन ताब्याच्या काळात. क्रिओल शाळेत वापरण्याला कायद्याची मान्यता मिळाली ती १९७९ मध्ये, आणि तिला फ्रेंचच्या जोडीने राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ च्या संविधानाने. तोपर्यंत स्वतंत्र हैतीची १८३ वर्षे उलटली होती.

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात 'डायग्लॉसिया'ची, म्हणजे एकाच समाजात प्रतिष्ठित आणि नित्याच्या अशा दोन भाषारूपांच्या विभागणीची, जी चार उदाहरणे दिली, त्यांत हैती एक होते. या वर्णनावर ईव्ह देजाँ यांनी १९८३ मध्ये मार्मिक आक्षेप घेतला. हैतीत एक समाज दोन भाषारूपे प्रसंगपरत्वे वापरतो असे नसून, बहुसंख्य लोकांना केवळ क्रिओल येते आणि एका लहान वर्गाला दोन्ही येतात. तेव्हा समग्र देशाला द्विभाषिक म्हणणे म्हणजे त्या लहान वर्गाचे लक्षण सर्वांवर लादणे होय. हा आक्षेप भाषेपुरता नाही. मिशेल-रॉल्फ त्रुयो यांनी १९९० च्या ग्रंथात हैतीचे राज्य आणि हैतीचे राष्ट्र या दोन परस्परविरोधी गोष्टी कशा झाल्या, ते दाखविले आहे : राज्य जगत होते शेतकऱ्याच्या कॉफीवर बंदरात घेतलेल्या जकातीवर, आणि त्या शेतकऱ्याला राज्यकारभारात स्थान नव्हते. देजाँ यांनी भाषेच्या संदर्भात आणि त्रुयो यांनी अर्थकारणाच्या संदर्भात एकच दोष दाखविला आहे. जो समाज एक नाही, त्याला एक घटक मानून त्याचे वर्णन करणे, हा तो दोष होय.

६

तिसरा स्तंभ जीवनाच्या प्रतीचा. मराठीत या संदर्भात 'राहणीमान' आणि 'जीवनमान' हे शब्द बहुधा एकमेकांऐवजी वापरले जातात, आणि त्यामुळे उपभोगाची पातळी व जगण्याची प्रत यांतील अंतर पुसट होते. ते अंतर किती मोठे असू शकते, याचे प्रत्यंतर सीमेच्या पूर्वेसच मिळते. २३ सप्टेंबर २०१३ रोजी डॉमिनिकन संविधान न्यायाधिकरणाने असा निर्णय दिला की, १९२९ पासून देशात जन्मलेल्या, परंतु ज्यांचे आईबाप अनियमित स्थलांतरित होते अशा व्यक्तींना नागरिकत्वाचा अधिकार नव्हता. याची झळ प्रामुख्याने हैतीवंशीयांना लागली. २०१४ च्या एका कायद्याने काहींना दिलासा मिळाला, सर्वांना नाही. अशी व्यक्ती डॉमिनिकन भूमीवर जन्मते, स्पॅनिश बोलते, तेथील उत्पन्नात भर घालते. पण कागदपत्रांच्या अभावी तिला उच्च शिक्षण, नियमित नोकरी आणि मतदान दुर्लभ होते. दोन देशांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या तक्त्यात तिला स्वतंत्र स्तंभ नाही. तुलना दोन राष्ट्रांची असल्याने, दोहोंच्या मध्ये असणारा माणूस तिच्यातून गळतो.

व्याख्येचा प्रश्न जंगलाच्या आकड्यांतही उद्भवतो. हैतीत केवळ एक टक्का जंगल उरले आहे, हे विधान वर्षानुवर्षे पुनरुक्त होत आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रहचित्रांच्या एका अभ्यासाने वृक्षाच्छादित क्षेत्र सुमारे तीस टक्के ठरविले. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासाने अस्पर्शित मूळ अरण्य एक टक्क्याहूनही कमी असल्याचे सांगितले. या दोन विधानांत विरोध नाही, कारण 'जंगल' हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला आहे. एका अर्थी हैती उजाड आहे. दुसऱ्या अर्थी शेतकऱ्याने राखलेली आंबा-फणसासारखी झाडे आणि वाढते रान तेथे पुष्कळ आहे. कोणता अर्थ निवडला, यावर शेतकरी केवळ विध्वंसक ठरतो की राखणदारही, हे अवलंबून राहते.

७

येथपर्यंतच्या विवेचनावरून तुलना त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. सर्व दोष १८२५ च्या ऋणावर घालणाऱ्या उपपत्तीलाही एक कठीण प्रश्न चुकवता येत नाही. हारामियो आणि सांजाक यांच्या निबंधानुसार १९६० साली दोन्ही देशांचे दरडोई उत्पादन जवळजवळ सारखे होते. २००५ पर्यंत डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे सुमारे तिप्पट झाले आणि हैतीचे सुमारे निम्म्यावर आले. हे अंतर पंचेचाळीस वर्षांत पडले आहे. त्याची कारणे त्या वर्षांत शोधलीच पाहिजेत, आणि ती अज्ञात नाहीत. त्रुहियो याने देश आपली खाजगी मिळकत असल्याप्रमाणे चालविला. परंतु १९६१ मध्ये त्याचा वध झाल्यावर त्याचे कारखाने व मळे राज्याच्या हाती आले. १९६३ चे लष्करी बंड आणि १९६५ चा अमेरिकन हस्तक्षेप यांनंतर होआकीन बालागेर यांच्या दीर्घ आणि पुष्कळदा दडपशाहीच्या कारकिर्दीत वनसंरक्षण, निर्यातक्षेत्रे आणि पर्यटन यांना चालना मिळाली. हैतीत १९५७ पासून १९८६ पर्यंत दुव्हालिये पितापुत्रांनी राज्ययंत्रणाच पोखरून काढली. त्यानंतर १९९१ चे बंड, आर्थिक बहिष्कार, १२ जानेवारी २०१० चा भूकंप आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून पसरलेला पटकी, या आघातांपुढे ती यंत्रणा टिकली नाही.

मात्र या काळाचा विचारही शेजाराला सोडून करता येत नाही. सीमेवरच्या दाहाबोन येथील बाजार, हैतीत खपणारा डॉमिनिकन माल, डॉमिनिकन बांधकामांवर राबणारे हैतीचे मजूर, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सीमेवरील नदीच्या कालव्यावरून तंटा झाल्यावर डॉमिनिकन सरकारने बंद केलेली सीमा, ही सर्व एकाच अर्थव्यवस्थेची अंगे आहेत. १९६० चे समान उत्पन्न हेही केवळ एक आकडा होते. त्या आकड्यामागील राज्यांची घडण, जमिनीवरील माणसांचा भार आणि प्रजेचा राज्याशी असलेला संबंध ही त्या वर्षीही समान नव्हती.

शेजारी देशांच्या तुलनेकडून म्हणून तीन गोष्टींची अपेक्षा करावी लागते. भेद वारशाचा आहे, संपर्काचा आहे की स्वतंत्र वाटचालीचा, हे तिने आधी ठरवावे. ज्या घटकाची सरासरी ती घेते, तो घटक खरोखर एक आहे का, हे तपासावे. आणि सीमेला दोन स्तंभांमधील रेघ न मानता, तिचाही एक कारण म्हणून इतिहास सांगावा. या अटी पाळणारी तुलना अवघड होईल आणि तिचे निष्कर्ष कमी चटकदार असतील. परंतु हिस्पान्योलावर भेदाविषयीच्या सिद्धान्तांनी यापूर्वी माणसांचे प्राण घेतले आहेत आणि नागरिकत्वही हिरावले आहे. तेथे दोन राष्ट्रांच्या स्वभावाविषयीचे सैल विधान हे केवळ शास्त्रीय शैथिल्य राहत नाही.